‘केएम’मधला माणूस

बीएस्सी, बीफार्म, बायोटेक, मायक्रो… यातलं काहीही तुम्ही शिकत असाल, तर एक नाव तुम्ही उत्तरपत्रिकेत हमखास लिहिलं आहे. मायकेलिस-मेंटेन समीकरण. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेलं, ग्राफसकट पाठ केलेलं, आणि पेपर झाला की विसरलेलं. त्यातला तो ‘केएम’ आठवतोय? के आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरात एम. तो एम म्हणजे मायकेलिस. सायन्सवाल्यांना हे नाव माहीत असतं. नावामागचा माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

आणि हा माणूस माहीत असायला हवा. कारण त्याची गोष्ट ही एका हुशार शास्त्रज्ञाच्या शोधाची गोष्ट आहेच, पण त्याहून जास्त ती एका छळणाऱ्या प्रश्नाची आहे. मोठ्या माणसाने जगभर गाजवलेला रिझल्ट तुमच्या टेबलावर येतच नसेल, तर तुम्ही काय करता? गप्प बसता की लिहून टाकता? सायन्स सोडून मास कॉमला आलेल्या माझ्यासारखीलाही तो प्रश्न ओळखीचा वाटतो. तुम्हालाही वाटेल.

डॉक्टर व्हायचं नव्हतं, तरी झाला

लिओनोर मायकेलिसचा जन्म १६ जानेवारी १८७५ चा, बर्लिनचा. जर्मनीत आडनावाचा उच्चार मिखाएलिस असा करतात, पण आपल्याकडच्या कॉलेजांत तो मायकेलिसच आहे, तर आपणही तेच म्हणू. घर ज्यू, वडील व्यापारी. शाळा जुन्या वळणाची, लॅटिन आणि ग्रीकवर भर देणारी. पण त्याच शाळेत भौतिक आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, आणि या मुलाचा जीव तिथे रमला.

त्याला करायचं होतं शुद्ध विज्ञान. पण घरात त्या वाटेची माहिती असणारं कुणी नव्हतं, आणि नुसत्या संशोधनावर पोट कसं भरणार हा प्रश्न तेव्हाही होताच. मग त्याने मधला मार्ग काढला. मेडिकलला ॲडमिशन घेतली. डॉक्टरकी हा विज्ञानाच्या जवळ राहण्याचा त्यातल्या त्यात व्यवहारी रस्ता होता. आपल्याकडेही किती जणांची गोष्ट अशीच सुरू होते, बघा.

मेडिकल संपल्यावर त्याला पॉल एरलिख यांच्याकडे असिस्टंट म्हणून काम मिळालं. हे तेच एरलिख, ज्यांना पुढे १९०८ चं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे रंगांचा खेळ चालायचा. कुठला रंग पेशीतल्या कुठल्या भागाला चिकटतो, हे शोधायचं. त्यातूनच १९०० साली मायकेलिसने दाखवलं की जॅनस ग्रीन नावाचा रंग जिवंत पेशीतले मायटोकाँड्रिया रंगवून दाखवतो. आजही अनेक कॉलेजांत गालाच्या आतल्या पेशी खरवडून हे प्रॅक्टिकल करतात. म्हणजे मायकेलिस तुम्हाला समीकरणाच्या आधीच भेटून गेलेला असतो, नाव न सांगता.

पण एरलिख यांनी त्याला एक कटू सल्लाही दिला. घरची श्रीमंती नसेल तर नुसत्या संशोधनाच्या मागे लागू नकोस, दवाखान्याचं काम धर. त्याने ऐकलं. काही वर्षं हॉस्पिटलमध्ये काढली. आणि मग बर्लिनमधल्या ‘आम उरबान’ या महापालिकेच्या रुग्णालयात बॅक्टेरियॉलॉजिस्टची नोकरी धरली.

युनिव्हर्सिटीने १९०८ मध्ये प्रोफेसर ही पदवी दिली खरी. पण ती बिनपगारी. नावापुढे प्रोफेसर लागलं, खिशात काही पडलं नाही. त्या काळच्या जर्मनीत ज्यू माणसाला पक्की प्रोफेसरकी मिळणं अवघडच असायचं.

बिअरच्या कारखान्यातून आलेली मोजपट्टी

मायकेलिस यांची लॅब रुग्णालयातली, छोटीशी. सोबतीला पेटर रोना नावाचे सहकारी. दिवसभर रुग्णालयाचं काम आणि उरलेल्या वेळात संशोधन. पण त्या चिमुकल्या जागेत त्यांना एका गोष्टीने पछाडलं होतं. आम्लता.

जरा मागे जाऊ. एन्झाइम म्हणजे शरीरातले कारागीर. मराठी पुस्तकात ‘विकर’ असतं. एखादी रासायनिक क्रिया जी एरवी फार हळू झाली असती ती हे विकर झटक्यात उरकतात, आणि स्वतः मात्र तसेच्या तसे राहतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे विकर नेमके कशाचे बनलेत हेही नक्की ठाऊक नव्हतं. आणि त्यांच्यावरचे प्रयोग म्हणजे डोकेदुखी. आज एक आकडा, उद्या वेगळा. या लॅबमध्ये वेगवान, त्या लॅबमध्ये सुस्त.

१९०९ मध्ये कोपनहेगनहून उत्तर आलं. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन नावाचे रसायनशास्त्रज्ञ विकरांवर काम करत होते. त्यांनी सांगितलं की द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत यावर विकरांचं काम अवलंबून असतं. ते मोजायला त्यांनी पट्टी दिली, तीच आपली पीएच. सात म्हणजे मधोमध. खाली गेलात की आम्ल, वर गेलात की अल्कधर्मी. आणि यातली मेख लक्षात ठेवा. एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट. दोन अंक खाली म्हणजे शंभरपट. दिसायला सहाचे चार झाले, पण विकराच्या दृष्टीने गावच बदललं.

मायकेलिस स्वतःही याच वाटेवर होते. सोरेनसेन यांचं आधी छापून आलं. आता चिडायचं की पुढे जायचं? मायकेलिस पुढे गेले. सोरेनसेन यांनी आम्लता कशी मोजायची ते दाखवलं होतं. मायकेलिस यांनी विचारलं, आम्लतेने विकरावर असा परिणाम होतो तरी का?

१९११ मध्ये त्यांनी डेव्हिडसोन या सहकाऱ्याबरोबर उत्तर मांडलं. वेगवेगळ्या पीएचला विकराचा वेग मोजला आणि ग्राफ काढला, तर टेकडीसारखा आकार येतो. एका बाजूने चढ, वर माथा, दुसऱ्या बाजूने उतार. मायकेलिस म्हणाले ते साधारण असं: विकराच्या अंगावर असे काही गट असतात जे हायड्रोजन घेऊ शकतात किंवा सोडू शकतात. आम्ल वाढलं की हायड्रोजन चिकटतो, कमी झालं की सुटतो. विकर काम करतं ते फक्त एका ठराविक अवस्थेत. ती अवस्था दोन्ही बाजूंनी मोडते, म्हणून टेकडीला दोन उतार.

विकर प्रोटीन असतं हेसुद्धा तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. नुसत्या ग्राफच्या आकारावरून हा माणूस न दिसणाऱ्या रेणूच्या अंगाखांद्यावर काय आहे ते सांगत होता.

जीवशास्त्रवाल्यांना गणित झेपत नाही ही तक्रार तेव्हाही होती बहुतेक. कारण १९१२ मध्ये मायकेलिस यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्यांसाठी गणिताची ओळख करून देणारं एक पुस्तकच लिहिलं.

कॅनडाहून आलेली डॉक्टर

त्याच वर्षी त्यांच्या लॅबमध्ये मॉड मेंटेन आल्या. कॅनडाच्या. १९११ मध्ये टोरोंटोहून एमडी झालेल्या. त्या काळी ही पदवी मिळवलेल्या कॅनेडियन बायका बोटावर मोजण्याइतक्या. संशोधन करायचं तर समुद्र ओलांडायला लागेल हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि त्यांनी ओलांडला.

दोघांनी साखरेवर काम करायचं ठरवलं. यीस्टमध्ये इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. ते आपल्या नेहमीच्या साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ऊस तोडल्यावर तो लवकर कारखान्यावर पोचवायची घाई का असते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही विचारा. तोडलेल्या उसात हेच सुरू होतं. साखर तुटत जाते आणि उतारा घटतो.

साखर किती तुटली ते मोजायची युक्तीही मजेदार होती. साखरेच्या पाण्यातून खास प्रकाश सोडला की तो उजवीकडे वळतो. साखर तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं की तोच प्रकाश डावीकडे वळायला लागतो. उलटं होतं, म्हणून तर विकराचं नाव इन्व्हर्टेज.

पॅरिसच्या व्हिक्टर आन्री यांनी हेच काम दहा वर्षं आधी केलं होतं, समीकरणही मांडलं होतं. पण त्यांच्या प्रयोगात आम्लता बांधून ठेवलेली नव्हती, त्यामुळे आकडे पक्के नव्हते. मायकेलिस आणि मेंटेन यांनी ती चूक होऊ दिली नाही. ॲसिटेटचा बफर घातला. बफर म्हणजे असं मिश्रण जे थोडं आम्ल वाढलं-घटलं तरी पीएच हलू देत नाही. तापमान २५ अंशांवर धरलं. वेळेवर नमुना काढला, अल्कली घालून क्रिया तिथेच थांबवली, आणि मोजलं. साखर कमी, साखर जास्त, अजून जास्त. पुन्हा पुन्हा.

त्यातून काय दिसलं ते पाणीपुरीच्या गाडीवर समजून घ्या. गाडीवर एकच गिऱ्हाईक असेल तर तासाला किती प्लेट जातील हे गिऱ्हाइकांवर ठरतं. गर्दी वाढली की प्लेटही वाढतात. पण एका मर्यादेनंतर गर्दी कितीही झाली तरी भैयाचे हात दोनच. त्याचा जास्तीत जास्त वेग गाठला गेला. आता विचारा, त्या सर्वोच्च वेगाच्या निम्म्या वेगाने प्लेटा जायला किती गर्दी लागते? तो आकडा म्हणजे केएम. केएम कमी, तर थोड्या गर्दीतही विकराचे हात भरलेले. केएम जास्त, तर त्याला हाताला काम मिळायला गर्दी हवी.

यात एक मोठी गोष्ट गृहीत आहे. विकर आणि साखर आधी एकमेकांना धरतात, मग साखर तुटते, मग विकर मोकळं होतं. धरलेली साखर तुटून विकर मोकळं व्हायला वेळ लागतो, म्हणून वेगाला मर्यादा आहे.

पेपर १९१३ मध्ये जर्मन भाषेत छापला गेला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या केनेथ जॉन्सन आणि जर्मनीतल्या रॉजर गूडी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, आणि जुने आकडे कॉम्प्युटरवर घालून पुन्हा हिशोब केला. केएम जवळपास तोच निघाला. हाताने आकडेमोड केलेल्या दोघांनी ९८ वर्षांपूर्वी काढलेला.

मेंटेन पुढे अमेरिकेत गेल्या, पिट्सबर्गमध्ये अनेक वर्षं शिकवलं, संशोधन केलं. चित्रं काढायच्या, क्लॅरिनेट वाजवायच्या. पूर्ण प्रोफेसर त्यांना केलं १९४८ मध्ये, सत्तरीला टेकल्यावर. १९६० मध्ये त्या गेल्या. समीकरणात त्यांचं नाव आहे, केएममध्ये नाही. तेवढं तरी लक्षात ठेवूया.

नसलेलं विकर

आता गोष्टीतला अवघड भाग.

मायकेलिस बर्लिनच्या त्या छोट्या लॅबमध्ये होते, तेव्हा हाले शहरात एमिल अब्डरहाल्डेन नावाचं मोठं प्रस्थ होतं. स्विस वंशाचे, नोबेलविजेत्या एमिल फिशर यांच्या हाताखाली तयार झालेले, वजनदार प्रोफेसर. त्यांचा दावा असा: शरीरात परकं प्रोटीन शिरलं की रक्तात त्या विशिष्ट प्रोटीनला तोडणारं खास विकर तयार होतं. बचाव करणारं विकर. प्रोटीन तोडणाऱ्या विकराला प्रोटिएज म्हणतात. म्हणजे प्रत्येक परक्या प्रोटीनसाठी वेगळं प्रोटिएज.

त्यावरून त्यांनी १९१२ मध्ये गर्भधारणेची टेस्टच आणली. गर्भवतीच्या रक्तात वारेचं, म्हणजे प्लासेंटाचं प्रोटीन तोडणारं विकर असणार. मग वारेचा तुकडा आणि रक्ताचं पाणी बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवा. प्रोटीन तुटलं तर त्याचे कण बाहेर येतील. निनहायड्रिन घातल्यावर जांभळा रंग आला, तर बाई गर्भवती.

आज घरबसल्या दोन मिनिटांत टेस्ट होते, त्यामुळे तेव्हा केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना येणार नाही. युरोपभर डॉक्टरांनी ती उचलली. गर्भधारणेवरून गाडी कॅन्सरवर गेली, तिथून मानसिक आजारांवर. पेपरांचा पाऊस पडला. आणि बहुतेकांना रिझल्ट येतही होता.

मायकेलिस यांना येत नव्हता.

त्यांनी लागेरमार्क या सहकाऱ्याबरोबर टेस्ट पुन्हा पुन्हा करून बघितली. गर्भवती बायकांचं रक्त आणि गर्भवती नसलेल्यांचं रक्त, यात त्यांना फरक सापडेना. जो माणूस पीएच बांधून ठेवल्याशिवाय साखरेच्या आकड्यावरही विश्वास ठेवत नव्हता, त्याच्या टेबलावर ही गाजलेली टेस्ट टिकली नाही.

इथे थांबून त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहात. पगारी प्रोफेसरकी नाही. ज्यू असल्याने आधीच दारं अर्धी बंद. समोरचा माणूस देशातला एक नामवंत प्रोफेसर. नव्या जागांसाठी नावं सुचवणारे त्याच वर्तुळातले. आपल्याला रिझल्ट आला नाही हे चार भिंतींत ठेवलं तर कुणाला कळणार होतं?

१९१४ मध्ये मायकेलिस आणि लागेरमार्क यांनी ते छापलं.

अब्डरहाल्डेन भडकले. टीका झाली, दोष मायकेलिस यांच्या हाताला दिला गेला. आणि नंतरच्या अभ्यासकांच्या मते, त्या एका लेखाने मायकेलिस यांची जर्मनीतली करिअरची वाट जवळपास बंद केली. समीकरण छापून एकच वर्ष झालं होतं. आज जगातल्या प्रत्येक बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात असलेला माणूस, आणि त्याच्याच देशात त्याला नीट नोकरी नाही.

अब्डरहाल्डेन यांचं काही बिघडलं नाही. ते पुढे जर्मनीच्या जुन्या आणि मानाच्या लिओपोल्डिना विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये ते वारले, तोवर त्यांच्या विकरांवर विश्वास ठेवणारे जर्मनीत होतेच. ती विकरं अस्तित्वातच नव्हती. १९९८ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात उटे डाइखमान आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी या सगळ्याला सरळ फसवणूक म्हटलं. काही अभ्यासकांना ती स्वतःचीच समजूत घालण्यातून झालेली चूक वाटते. विकर नव्हतं, याबद्दल मात्र वाद नाही. मायकेलिस बरोबर होते. फक्त हे मान्य व्हायला त्यांचं आयुष्य पुरलं नाही.

बर्लिन ते नागोया ते न्यूयॉर्क

१९२२ मध्ये जपानहून बोलावणं आलं. नागोयातल्या मेडिकल कॉलेजला बायोकेमिस्ट्रीचा प्रोफेसर हवा होता. वय सत्तेचाळीस. जर्मनीत महागाईने कहर केलेला. मायकेलिस गेले. आयुष्यात पहिल्यांदा नीट जागा, नीट लॅब, शिकायला आलेली मुलं, आणि तीही बर्लिनपासून हजारो किलोमीटरवर.

ते पियानो उत्तम वाजवायचे. नागोयात शिनिची सुझुकी या तरुण व्हायोलिनवादकाच्या घराशी त्यांची ओळख झाली. हेच सुझुकी पुढे लहान मुलांना व्हायोलिन शिकवण्याच्या पद्धतीसाठी जगभर ओळखले गेले. बर्लिनमध्ये शिकत असताना सुझुकींची आइनस्टाइन यांच्याशी गाठ पडली, त्यात मायकेलिस यांच्या शब्दाचा वाटा होता.

१९२६ मध्ये ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, आणि १९२९ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये स्थिरावले. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पक्की जागा! तिथे डेव्हिड गोडार्ड यांच्याबरोबर १९३४ मध्ये त्यांनी केसावर काम केलं. केस, नख, लोकर हे सगळं केराटिन. त्यात सिस्टीन नावाच्या घटकातले गंधकाचे अणू जोडीजोडीने एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून केस इतका चिवट. मायकेलिस आणि गोडार्ड यांनी दाखवलं की थायोग्लायकोलिक ॲसिड अल्कधर्मी द्रावणात वापरलं तर या गंधकाच्या गाठी सुटतात. आणि गाठी सुटल्या की केसाला हवा तो आकार देऊन पुन्हा बांधता येतो. १९४० च्या दशकात घरच्या घरी केस कुरळे करण्याचं जे खूळ अमेरिकेत पसरलं, त्यामागे हेच रसायन होतं. आजच्या पर्मिंगच्या आणि काही स्ट्रेटनिंगच्या क्रीममध्येही ते असतं. पुढच्या वेळी पार्लरमध्ये तो उग्र वास आला की समजा, गंधक बोलतंय.

८ ऑक्टोबर १९४९ ला मायकेलिस न्यूयॉर्कमध्ये वारले. नोबेल मिळालं नाही.

कच्च्या पपईतला पुरावा

आता गंमत बघा. जे प्रोटिएज अब्डरहाल्डेन शोधत होते ते नव्हतं. पण खरी प्रोटिएज आहेत, आणि त्यातलं एक तुमच्या स्वयंपाकघरात येऊन जातं.

मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई किसून लावतात ना? तिच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसाचं प्रोटीन तोडतं. मायकेलिस यांचा वाकडा ग्राफ १९३४ मध्ये ज्यांनी सरळ रेषेत बसवला ते लाइनविव्हर आणि बर्क तुम्हाला आठवत असतील. त्याच लाइनविव्हर यांनी बॉल्स या सहकाऱ्याबरोबर १९३७ मध्ये पपेनचे स्फटिक मिळवले. आणि १९६८ मध्ये नेदरलँड्समधल्या यान ड्रेन्ट यांच्या गटाने पपेनचा रेणू आतून कसा दिसतो तेही दाखवलं.

२१२ अमिनो आम्लांची ती साखळी. तिच्यातलं पंचविसावं सिस्टीन आणि एकशे एकोणसाठावं हिस्टिडीन, या दोघांच्या जोडीवर सगळा कारभार. सिस्टीनवर तोच गंधक, जो केसात होता. काम करायचं तर गंधकाने आपला हायड्रोजन सोडलेला हवा, आणि शेजारच्या हिस्टिडीनने स्वतःचा धरून ठेवलेला हवा. असा मोकळा गंधक मांसाच्या प्रोटीनची कडी पकडतो. हिस्टिडीन आपला हायड्रोजन देतं, कडी तुटते, अर्धा तुकडा सुटून जातो. उरलेला अर्धा थोडा वेळ गंधकालाच चिकटून असतो. मग पाण्याचा रेणू येतो, तो तुकडाही सोडवतो, आणि पपेन पुढच्या कडीसाठी मोकळं. आधी धरायचं, मग तोडायचं, मग सोडायचं. १९१३ चीच चाल.

आता यात आम्ल घाला. पीएच चारच्या आसपास आणि खाली गंधकाला हायड्रोजन परत चिकटतो. गंधक बांधला गेला, काम थंड. उलट पीएच साडेआठच्या वर नेला तर हिस्टिडीनचा हायड्रोजन निघून जातो. पुन्हा काम थंड. दोन उतार, मध्ये माथा. १९११ ची ती टेकडी. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. तेव्हा पपई लावल्याबरोबर वर भरपूर लिंबू पिळायची घाई करू नका, आधी पपईला तिचं काम करू द्या.

आपल्या पेशींतही पपेनचे भाऊबंद असतात, कॅथेप्सिन नावाचे. ते लायसोसोम नावाच्या पिशवीत राहतात आणि पेशीतला कचरा तोडतात. त्या पिशवीतला पीएच पाचच्या आसपास, बाहेरच्या पेशीत सातच्या वर. चुकून पिशवी फुटली तर यातले बहुतेक भाऊबंद बाहेरच्या कमी आम्लतेत ढेपाळतात. पेशी स्वतःलाच खाऊन टाकत नाही, त्याचं हे एक कारण.

यातलं काहीही मायकेलिस यांना दिसलेलं नव्हतं. त्यांच्याकडे होता बफर, घड्याळ आणि आलेखाचा कागद.

तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला तुमचे आकडे पुस्तकातल्यासारखे आले नाहीत तर शेजारच्याच्या जर्नलमध्ये डोकावण्याआधी पीएच पुन्हा मोजा. बफर ताजा आहे का बघा. तापमान बघा. प्रयोग परत करा. आणि एवढं करूनही तेच आलं, तर जे आलंय तेच लिहा. मार्क कदाचित जातील एखाद-दोन. मायकेलिस यांचं बरंच जास्त गेलं होतं.